चंद्रावर चार ओंजळी पाणी

लॅम रोड, देवळाली
१९ मे

ती. वत्सलाताईस,

मोहिनीचा नमस्कार. गुडघे वाकत नाहीत म्हणून तो बसल्या जागेवरूनच आहे, पण मनापासून आहे. तुझी तब्येत कशी आहे? मागच्या फोनवर तू "बरी आहे" म्हणालीस, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावून अंगणात ठेवतात आणि घरातली सगळी माणसं, शिवाय कांदे निवडायला आलेल्या बाया, ऐकत बसतात. अशा सभेत कोणी खरं सांगत नाही. दाढेचं काय झालं ते नीट कळव. माझं म्हणशील तर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आता उजव्या डोळ्याला न दिसणारी धूळ डाव्याला दिसते, त्यामुळे घर एका बाजूने अस्वच्छ झालं आहे. तुमच्या त्या स्पीकरच्या भीतीनेच हे पत्र लिहिते आहे. एकटीने वाच. (सुनेने विचारलं तर "मोहिनीने कुरडयांबद्दल लिहिलंय" असं सांग. अगदीच खोटं होणार नाही, कुरडया पुढे येतात.)

तू विचारलं होतंस, "आमच्या तृप्तीचा त्रास होतो का, खरं सांग." खरं सांगते. होतो. तुझी नात डिसेंबरात एक बॅग आणि एक लॅपटॉप घेऊन माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, पोरगी सकाळी बसने सिन्नरला जाईल, संध्याकाळी येईल, मला चहा करून देईल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप म्हणजे आपल्या वेळची उमेदवारी, असं मी गृहीत धरलं होतं. उमेदवार माणूस कोपऱ्यात बसतो, फायली उचलतो, साहेबांना "हो" म्हणतो. तुझ्या रंगनाथची अटही मला ठाऊक होती, त्याने ती मलाच दोनदा ऐकवली होती: एकतीस मेपर्यंत कंपनीने लेकीला ठेवून घेतलं तर ती राहील, नाहीतर एक जूनला तुमच्याकडे देवळ्याला परत, मार्केटमधल्या गाळ्यावरचा कॉम्प्युटर सांभाळायचा आणि बँकेच्या परीक्षा द्यायच्या. बापाने सरळ बोललेली सरळ अट. मी म्हटलं, साडेपाच महिने कसेही जातील. पण त्या साडेपाच महिन्यांत माझ्या गच्चीवर चंद्र येऊन बसेल, तो मला कढईत भाजावा लागेल आणि त्यावरून मला भर जेवणात उभं राहून कबुलीजबाब द्यावा लागेल, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी तिचं काम काय ते सांगते, कारण तुमच्याकडे कोणालाच ते कळलेलं नाही. (तुझी सून "तृप्ती चंद्रावरच्या गाड्या दुरुस्त करते" असं गावभर सांगते म्हणे.) सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडच्या वरच्या मजल्यावर, तिची कंपनी आहे. खाली बेअरिंगं बनतात, वर चंद्र. ही मंडळी स्वतः चंद्रावर काही पाठवत नाहीत. जे पाठवणार असतात त्यांच्यासाठी ती कॉम्प्युटरात आख्खा चंद्र उभा करतात, त्यावर कॉम्प्युटरातलीच सहा चाकांची गाडी सोडतात आणि ती कुठे अडकते ते बघतात. खरी गाडी तिथे अडकली तर ढकलायला कोणी नसतं, म्हणून आधी इथेच हजार वेळा अडकवून घ्यायची. याला सिम्युलेशन म्हणतात. मला हे इतकं पटलं की मी तिला म्हटलं, लग्नाआधी असं काही निघालं असतं तर बऱ्याच मुलींचं कल्याण झालं असतं. ती हसली नाही. पोरी हल्ली लवकर हसत नाहीत, आधी विचार करतात.

एकदा तिने मला तिथे नेलं. तिचे वरिष्ठ यादव सर (पस्तिशीचे असतील, शर्ट बाहेर, पायात स्लीपर, आपल्या बोर्डिंगातल्या सिस्टरांनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं) मोठ्या आदराने पुढे आले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांवर एक जाड चष्मा बांधला. बांधण्याआधी म्हणाले, "आजी, आता तुम्ही चंद्रावर जाताय." मी चपला काढल्या. सगळे का हसले ते मला चष्म्यातून दिसलं नाही, आणि अजूनही त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळत नाही. तूही काढल्या असत्यास. ताई, काय सांगू. काळं आभाळ, करडी जमीन आणि आवाज म्हणून नाही. मी विचारलं, वारा? तृप्ती म्हणाली, वारा नाही. पाऊस? नाही. कावळे? "आजी, काहीच नाही." मी म्हटलं, मग वाळवणाला बरं आहे. तिथे माझं वजन साडेअकरा किलो भरेल, असं यादव सरांनी तोंडी हिशेब करून सांगितलं. म्हणजे आठवीतल्या मुलीच्या दप्तराएवढी मी. त्या आनंदात मी दोन पावलं जोरात टाकली आणि सिन्नरच्या टेबलाला धडकले.

तर तृप्तीच्या वाट्याला आलं होतं ते असं. तिची गाडी खड्ड्यात उतरायची, पण वर येताना घसरायची. चाक जितकं फिरलं तितकी गाडी पुढे गेली पाहिजे. ती गेली नाही तर उरली ती घसरण. आता कॉम्प्युटरातली माती आपण सांगू तशी वागते. तृप्ती म्हणते, कॉम्प्युटरला खोटं सांगितलं तर तो मन लावून खोटंच करून दाखवतो. म्हणून त्याला खऱ्या मातीचे खरे आकडे द्यायचे, आणि त्यासाठी चंद्रासारखी माती घेऊन त्यात खरी छोटी गाडी चालवायची. धूळ उडते म्हणून हे ऑफिसात चालेना. तुझी नात म्हणाली, "आमच्या आजीची गच्ची आहे." गच्चीला कोणी विचारलं नाही, आजीलाही नाही.

ह्यांचा जुना पलंग अडगळीत पडला होता. त्याच्या फळ्यांची सहा फूट बाय चार फूट पेटी झाली. माती म्हणून काय, तर पांढरी रांगोळी. भद्रकालीतून पोत्यांनी रांगोळी आली. दुकानदाराने विचारलं, घरचं कार्य का? तृप्ती म्हणाली, नाही, चंद्र. त्यात खडीक्रशरची काळी भुकटी मिसळली आणि रंग आला तो हुबेहूब आपल्या बोर्डिंगातल्या मंगळवारच्या लापशीचा. एका बाजूला चढ केला. गाडी पाटाएवढी, खाली करंजीच्या कातण्यासारखी दातेरी सहा चाकं. माझ्याकडे कामाला येणारी नवसाबाई (पेठकडची, तुला तिच्या नागलीच्या भाकऱ्या आठवत असतील) पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे खेकडंच हाय." तेव्हापासून तिचं नाव खेकडा. कंपनीचं नाव वेगळं आहे, आकड्यांचं. ते कोणी घेत नाही.

ती पेटी बघून मला काय आठवलं असेल ते तुला सांगायला नको. सिस्टर इग्नेशियांचा वाळूचा नकाशा. आपल्या आठवी-नववीच्या एकत्र वर्गात खिडकीपाशी ठेवलेला तो लाकडी ट्रे, त्यात वाळूचा सह्याद्री, खडूच्या भुकटीची शिखरं आणि निळ्या खडूने ओढलेली गोदावरी. इन्स्पेक्टर यायच्या सकाळी कोणीतरी त्र्यंबकेश्वरी लोटाभर पाणी ओतलं आणि सगळा सह्याद्री इगतपुरीपासून खाली बसला. सिस्टरांनी विचारलं, हे ज्या मुलीने केलं तिने उभं राहावं. तू उभी राहिलीस. चार रविवार तुझं बाहेर जाणं बंद झालं आणि कॅम्पच्या बाजारात तुझ्या वाटणीची चार आइसफ्रुटं मी खाल्ली. शाळेच्या दप्तरात ते अजून तुझ्या नावावर असेल. तेव्हा मातीत पाणी घालण्याची खोड घराण्यातच आहे, हे पुढचं वाचताना लक्षात ठेव.

इथे तोफांचाही एक त्रास होता. तुला आठवतंय ना, तोफखान्याचा सराव सुरू झाला की आपल्या बोर्डिंगाच्या खिडक्या थरथरायच्या आणि आपण सवयीने गणित सोडवत राहायचो. मला अजून ऐकूही येत नाहीत. पण चंद्राला ऐकू यायच्या. तोफ उडाली की पेटीतला चढ अर्धा बोट खाली बसायचा. तृप्ती पहिल्यांदा घाबरून खाली पळत आली. नंतर तिने वहीत तारीख, वेळ, घसरण यांच्याशेजारी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: तोफ. पोरीची ही गोष्ट मला फार आवडली. त्रासाला नाव द्यायचं, रकाना द्यायचा आणि पुढे जायचं.

एप्रिलच्या शेवटी मात्र नवल घडलं. खेकडा सकाळी चढायला लागला. संध्याकाळी तीच गाडी, तोच चढ, आणि ढिम्म. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर. असे बारा दिवस. तुझी नात हवेतच चालायला लागली. तिने थर्मामीटर आणला, आलेख काढले आणि अकरा पानं लिहिली. सिद्धांत असा, की सकाळच्या गारव्यात माती आवळते आणि चाकाला धरते, उन्हाने सैल होते. चंद्रावर तर थंडी आणि ऊन यांत जमीन-अस्मानाचा फरक, म्हणजे शोध केवढा मोठा. यादव सर खूश. बंगळूरची मंडळी (खऱ्या गाड्या पाठवणारी) पंधरा मेला ऑनलाइन बघणार असं ठरलं. ते पसंत पडलं तर पुढचं काही तरी होईल, असं यादव सरांनी सुचवलं, आणि तृप्तीने एकतीस मेच्या चौकोनाभोवती कॅलेंडरवर केलेला लाल गोल मला पहिल्यांदा जरा कमी लाल दिसला.

हे सगळं तिने मला रविवारी दुपारी आमरस खाताना समजावून सांगितलं. मी मन लावून ऐकत होते. सकाळ, गारवा, माती आवळते. सकाळी कितीला बघतेस, मी विचारलं. साडेसातला. आणि ताई, माझ्या हातातला पुरीचा तुकडा हातातच राहिला.

त्याचं असं आहे. मी पहाटे साडेपाचला उठते. दारापुढे सडा घालते. आपण बोर्डिंगात सडाबिडा काही शिकलो नाही. ते मला सासूबाईंनी शिकवलं, आणि एकदा हाताला लागलं की सुटत नाही. कोरडी माती समोर असताना तशीच ठेवून चहा प्यायचा हे आता मला जमतच नाही. एप्रिलच्या शेवटी मी गच्चीवर कुरडया घातल्या, आणि त्या चंद्राची धूळ उडून माझ्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर बसायला लागली. तेव्हा खाली दारापुढचं झालं की बादली घेऊन वर जायचं, पेटीवरची चादर झोपलेल्या मुलाच्या अंगावरून काढावी तशी हलकेच बाजूला करायची, चार ओंजळी पाणी शिंपडायचं आणि चादर पुन्हा खोचून टाकायची. वरची माती मे महिन्याच्या उन्हाला सातपर्यंत कोरडी दिसायची. खालची कोण बघतं? मी त्यात काही करते आहे हे मला कळलंच नव्हतं गं. कोणी झाडाला पाणी घातलं तर सांगत फिरतं का?

तेव्हा ती अकरा पानं म्हणजे माझ्या चार ओंजळी. ते कळल्यावर माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. पहिला विचार आला, गप्प बसावं. पोरीचं काम होतंय. चंद्र काही तक्रार करायला येत नाही. दुसरा विचार आला, उद्यापासून दुप्पट शिंपडावं, म्हणजे संध्याकाळीही चढेल. आणि मग डोळ्यांसमोर ती खरी गाडी आली. एवढी लांब गेलेली, एकटी, कोरड्या मातीत चाकं फिरवत बसलेली, आणि जवळपास बादली घेतलेली म्हातारी नाही. मी उभी राहिले. अगदी शाळेतल्यासारखी, खुर्ची मागे सारून, हात दोन्ही बाजूंना सरळ. तृप्तीला वाटलं मी रस वाढायला उठले. तिने वाटी पुढे केली आणि म्हणाली, "आजी, अर्धीच."

मी सांगितलं. तृप्तीने वाटी ठेवली, हात धुतले आणि ती वर गेली. मला तिची पावलं डोक्यावर पेटीपर्यंत जाताना ऐकू आली. मी रडू येईल म्हणून भांडी घासली. ती खाली आली ती वही घेऊन.

"किती ओंजळी?"

"चार."

"रोज चारच?"

"एकादशीला उपासाने हात थरथरतो, तेव्हा जरा सांडतं."

तिने स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं आणलं, बादली आणली आणि माझ्याकडून दहा ओंजळी मोजून घेतल्या. सरासरी एकशे दहा मिली निघाली. मग कॅलेंडर काढून एकादशी शोधली. त्या दिवशीची घसरण खरोखरच जास्त होती. ताई, ती त्या आकड्याकडे बघून हसली. अकरा पानं पाण्यात गेलेली पोरगी, आणि माझी एकादशी तिच्या वहीत सापडली म्हणून हसते. त्या क्षणी मला तिचा जितका त्रास झाला तितका साडेपाच महिन्यांत कधी झाला नाही.

मी तिला म्हटलं, यादव सरांना सांग की वळिवाचा शिडकावा झाला. ती म्हणाली, "आजी, आकडे मी लिहिलेत. माती ओली आहे का ते मी तपासायला हवं होतं. चूक माझ्या नावावर आहे." असं म्हणताना ती ज्या तऱ्हेने मान वर करून उभी होती ती मान मी ओळखते. तिथेच बसून तिने यादव सरांना सगळं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला तो तिने माझ्यासाठी स्पीकरवर लावला (तुमच्याच घरची सवय). त्यांनी आधी ओंजळींचा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाले, "तृप्ती, चंद्रावर रोज सकाळी आजींना पाठवणं बजेटमध्ये बसणार नाही. दहा दिवस आहेत. कोरडं कर."

चंद्र कोरडा करणं म्हणजे काय ते आता मला विचार. माझ्या चार जुन्या सुती साड्यांवर तो आख्खा पसरला. तीन दिवस उन्हात, दर तासाला हात फिरवून, वाळवण राखतात तसा राखला. माझ्या कुरडया शेजारी आणि चंद्र मध्ये. खालच्या थरातले खडे तरी दमटच लागायचे, म्हणून ते नवसाबाईने आणि मी मोठ्या लोखंडी कढईत मंद आचेवर रव्यासारखे भाजले. "रंग बदलू द्यायचा का बाई?" नवसाबाईने विचारलं. मी वरती ओरडून तृप्तीला विचारलं. ती म्हणाली, नको. शेजारच्या बाई वास आला म्हणून डोकावल्या आणि काय करताय विचारल्यावर मी म्हटलं, बाहेरगावी पाठवायचंय.

कोरडा झाला, पेटीत भरला, आणि खेकडा चढेना. सकाळीही नाही, संध्याकाळीही नाही. तृप्ती पाच दिवस चाकांच्या दातांत आणि कॉम्प्युटरात डोकं घालून बसली होती. जेवणावर लक्ष नाही. बारा तारखेला नवसाबाई गच्ची झाडायला गेली आणि झाडू टेकवून बघत उभी राहिली. खेकडा चाकं फिरवतोय आणि स्वतःलाच पुरून घेतोय.

"तू याला सरळ कशाला चढवते पोरी?" ती म्हणाली. "डोंगर काय कोनी असा सरळ चढतं? आडवं जायचं, मंग वळायचं, परत आडवं. डोक्यावर मोळी असली का पायाला आपसूक कळतं."

तृप्ती म्हणाली, मावशी, पुस्तकात आहे तसं, पण आम्हाला सरळच चढवायला सांगितलंय. नवसाबाई म्हणाली, "सांगनारा कधी मोळी घेऊन चढलाय का?" आणि खाली बसून तिने बोटाने मातीत रेघ ओढली. त्यांच्या गावच्या डोंगराची वाट. एक आडवी, एक वळण, एक आडवी. तृप्तीने त्या रेघेचा कोन मोजला. मग गाडीला ती वाट दिली. पहिल्यांदा खेकडा कलंडला. दुसऱ्यांदा वर गेला. सात वेळांपैकी चार वेळा गेला. मी टाळ्या वाजवल्या. नवसाबाईने नाही वाजवल्या. ती म्हणाली, तीनदा पडलं ना अजून.

पंधरा मेला बंगळूरची मंडळी लॅपटॉपमधून आमच्या गच्चीवर आली. मी जिन्याच्या दारात स्टुलावर बसले होते. अकरा पानांची आता चारच झाली होती. ऐन वेळी तोफ उडाली. बंगळूरच्या एका साहेबांनी दचकून विचारलं, कसला आवाज? तृप्ती शांतपणे म्हणाली, "देवळालीच्या तोफा सर, तो रकाना तिसऱ्या पानावर आहे." सगळ्यात जास्त प्रश्न चौथ्या पानावर आले. त्यावर तिने स्वतःची चूक लिहिली होती: पाणी किती, कधी, कोणाकडून, एकादशीसकट. तिथल्या एक बाई ते पान परत परत वर-खाली करत होत्या. म्हणाल्या, हे तुम्हाला कळलं कसं? तृप्ती म्हणाली, घरच्यांनी आपणहून सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे कोणी सांगत नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: "तिरक्या वाटेची सूचना: नवसाबाई, पेठ." यादव सरांना वाटलं, पेठला कुठलीशी संस्था आहे.

दोन दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आणखी सहा महिने इंटर्नशिप, याच कामावर, या वेळी बंगळूरच्या गाडीसाठी, आणि त्यानंतर नोकरीचा विचार. एकतीस मेच्या आत कळवायचं. तृप्तीने बापाला फोन लावला. रंगनाथ रोज फोनवर पहिलं वाक्य "जेवण व्हयनं का?" एवढंच बोलतो, तुला माहीत आहे. त्या दिवशीही बोलला. मग तिने पत्राचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे परत उमेदवारीच ना? नोकरी नाही ना?" ती म्हणाली, "नाही बाबा, अजून नाही." तो म्हणाला, "मग आपलं ठरलं होतं ना बेटा." ती म्हणाली, हो. फोन ठेवला. वाद नाही, रडणं नाही. वर गेली आणि उन्हाची वेळ असूनही पेटीवर चादर घालून आली. कालपासून तिची बॅग पलंगाखालून बाहेर आली आहे.

आता यात मी पडत नाही. मुलगी तुमची, अट तुमची. रंगनाथ वाईट बोलला नाही, ठरलं होतं तेच बोलला, आणि शब्दाला धरून राहणं तुमच्याकडे आहे म्हणून तर मला तुमचं घर आवडतं. मी फक्त गच्चीची मालकीण. तू त्रासाबद्दल विचारलंस, मी त्रासाबद्दल लिहिलं.

डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली, म्हणून आता आवरते. दाढेला लवंगेवर भागवू नकोस, डॉक्टरला दाखव. अंगणातल्या सभेला माझा नमस्कार.

तुझी धाकटी,
मोहिनी

ता. क. पेटी मोडून फळ्या न्यायला तृप्तीने सांगितलेला माणूस काल आला होता. मी त्याला जुलैनंतर बघू म्हणून परत पाठवलं. तृप्तीला सांगू नकोस. जुलैनंतर म्हणजे डिसेंबरनंतर.

पुन्हा ता. क. वर मी "यात पडत नाही" असं लिहिलं आहे. ते खोडायचं होतं, पण शाईचं पत्र खोडलं की घाण दिसतं, हे आपल्याला शिकवलंय. पडते. रंगनाथ माझं ऐकणार नाही, कारण मी त्याची मावशी असले तरी शहरातली आहे. लेकीचं ऐकणार नाही, कारण ती मागतच नाही. तुझ्यासमोर मात्र तो अजून खाली मान घालून बसतो. त्याला एवढंच सांग की ती सरळ चढत नाहीये, आडवी जाते आहे, आणि आडवं गेलेलं माणूस खालून बघणाऱ्याला लांब चालल्यासारखं दिसतं. सहा महिने. आणि त्रासाचं म्हणशील, तर साडेपाच महिन्यांपूर्वी या घरात मी कोणाला काही विचारत नव्हते. आता रोज रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्याकडे चार-पाच प्रश्न साठतात.

आणखी एक, आणि हे पत्र खरं तर याच्यासाठी. त्या सकाळी गोदावरीत पाणी मी ओतलं होतं. मला फक्त बघायचं होतं, ती खरंच नाशिकवरून जाते का. सिस्टरांनी विचारलं तेव्हा माझी बाही कोपरापर्यंत ओली होती आणि तिचं पाणी तुझ्या बाकावर ठिबकत होतं. तू ते पाहिलंस, तळहाताने पुसलंस आणि उभी राहिलीस. आपण पंचावन्न वर्षांत यावर एक शब्द बोललो नाही. ती चार आइसफ्रुटं मला कधी पचली नाहीत. आता मी उभं राहायला शिकले आहे, पण रंगनाथच्या पुढे मी उभी राहून उपयोग नाही. तेव्हा ताई, अजून एकदा तू उभी राहा. सावकाश उठलीस तरी चालेल, एकतीस तारखेपर्यंत वेळ आहे.